बसलेले जनावर रवंथ करते आहे ना?

(पशुपालकांसाठीच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

राणीसावरगाव आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवरच्या पशुपालकांसाठी ही पुस्तिका तयार झाली आहे. तिचा विषय एकच, रवंथ. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी यांनी घाईने गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणायचा, बारीक चावायचा आणि परत गिळायचा, एवढ्याशा क्रियेवर अख्खी पुस्तिका कशाला, असे कुणालाही वाटेल. दूधवाढीवर, संकरित पैदाशीवर, लसीकरणावर पुस्तके निघतात. रवंथावर सहसा निघत नाहीत, कारण तो गोठ्यात रोज चाललेला असतो आणि रोजच्या गोष्टीकडे कुणी निरखून पाहत नाही. माझे म्हणणे असे की जनावराच्या तब्येतीची सगळ्यांत आधी मिळणारी आणि बिनखर्चाची खूण हीच आहे. ताप बघायला थर्मामीटर लागतो, रक्त तपासायला प्रयोगशाळा लागते. रवंथ बघायला गोठ्यात दहा मिनिटे बसावे लागते, बस्स.

गंगाखेड सोडून दक्षिणेकडे निघाले की गोदाकाठचे काळे रान मागे पडते आणि बालाघाटच्या रांगा सुरू होतात. राणीसावरगाव या डोंगरपट्ट्यातले. हलकी, मुरमाड जमीन, पावसाच्या भरवशावरची पिके, उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरी. अशा मुलखात तग धरणारी जनावरेही तशीच काटक. कंधार, मुखेड, लोहा या भागातली मूळची लाल कंधारी इकडे परभणीपर्यंत पसरलेली आहे. लातूरकडची देवणी आहे, तिच्या वानेरा, बालंक्या आणि शेवरा या तिन्ही तऱ्हा जुने लोक अंगावरच्या ठिपक्यांवरून ओळखतात. मराठवाडी म्हैस आहे, उस्मानाबादी शेळी आहे. ही सगळी जनावरे वाळला कडबा, बांधावरचे गवत, बाभळीच्या शेंगा आणि पिकांचे भुसकट खाऊन दूध देतात, वासरे देतात, औत ओढतात. कडब्याची एक पेंढी माणसाच्या पोटाला काहीच देऊ शकत नाही. तिच्यातला मुख्य घटक सेल्युलोज. तो फोडणारे विकर आपल्या शरीरात तयार होत नाही, आणि गाईच्याही शरीरात होत नाही. तरी गाय कडब्यावर जगते. हे कसे घडते, याचे उत्तर रवंथात आणि ज्या पोटातून तो वर येतो त्या पोटात आहे.

दुपारी लिंबाखाली बसलेली एखादी गाय बघा. पाय अंगाखाली घेतलेले, डोळे अर्धवट मिटलेले, कान सैल. तोंड एका संथ लयीत आडवे फिरते आहे. मध्येच ते थांबते. गाय घोट गिळते आणि गळ्याच्या डाव्या बाजूने एक गोळा खाली सरकताना स्पष्ट दिसतो. चार-पाच सेकंद काहीच होत नाही. मग ती किंचित श्वास ओढते, मान जराशी ताठ होते आणि दुसरा गोळा त्याच वाटेने झपकन वर येतो. तोंडात आल्या आल्या ती त्यातले पाणी पिळून गिळून टाकते. उरलेला चोथा दाढांखाली जातो आणि पुन्हा तीच लय सुरू होते. एक गोळा साधारण चाळीस ते सत्तर वेळा चावला जातो, म्हणजे जवळपास मिनिटभर. दिवसा आणि रात्री मिळून असे सहा ते आठ तास चालते. चरण्याला जितका वेळ लागतो तितकाच, कधी त्याहून जास्त वेळ गाय हे काम करते. आपल्याला ती नुसती बसलेली दिसते.

तिच्या वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, तिथे टणक गादी असते. त्यामुळे ती चारा कुरतडत नाही. जिभेने विळखा घालून ओढते, दोन-चारदा चावते आणि गिळते. रानात वाघ-लांडग्याचे भय असलेल्या प्राण्याला उघड्यावर उभे राहून निवांत चावणे परवडणारे नव्हते. आधी पोट भरून घ्यायचे आणि मग आडोशाला बसून नीट चावायचे, ही त्या जगण्यातून आलेली सोय मानली जाते. काळवीट, हरीण, नीलगाय हे सगळे प्राणी हेच करतात.

गिळलेला चारा पहिल्यांदा जातो तो कोठीपोटात. नाव अगदी चपखल आहे. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात, कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि चौथे खरे पोट. यातले कोठीपोट इतके मोठे की मोठ्या गाईत ते शंभर लिटरच्या पुढे जाते आणि शरीराची डावी बाजू जवळपास पूर्ण व्यापते. आत तीन थर असतात. सगळ्यांत वर वायू, मध्ये लांब धाग्यांच्या चाऱ्याची तरंगती गादी आणि खाली पातळ रस. या रसाच्या एका थेंबात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात. जिवाणू आहेत, आदिजीव आहेत, बुरशी आहे. सेल्युलोज फोडण्याचे काम त्यांचे. ते चारा आंबवतात, त्यातून काही आम्ले तयार होतात आणि तीच गाईच्या रक्तात जाऊन तिची ताकद होतात. पुढे हे सूक्ष्मजीव स्वतःच चौथ्या पोटात जाऊन पचतात, आणि गाईला लागणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा त्यांच्याकडूनच मिळतो. म्हणून गव्हाणीत आपण जे टाकतो ते आधी या सूक्ष्मजीवांच्या तोंडी पडते. गाईच्या वाट्याला येते ते त्यांच्या हातचे. हे एकदा ध्यानात घेतले की चाऱ्याच्या बाबतीतले बरेचसे निर्णय आपोआप सुधारतात.

या सूक्ष्मजीवांचा शोध तसा अलीकडचा. फ्रान्समधल्या ग्रुबी आणि देलाफाँ यांनी १८४३ मध्ये कोठीपोटातले आदिजीव पहिल्यांदा नोंदवले. हवेत मरणाऱ्या जिवाणूंना प्रयोगशाळेत वाढवण्याची खात्रीची रीत बसवली अमेरिकेच्या रॉबर्ट हंगेट यांनी, आणि या विषयावरचा त्यांचा पायाभूत ग्रंथ १९६६ साली आला. आपल्या भागात या ज्ञानाचे दार उघडले ते १९७२ मध्ये, परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले तेव्हा. तेच वर्ष दुष्काळाचे. कृषी विद्यापीठही त्याच वर्षीचे.

आता प्रश्न असा की आत एवढी फौज असताना पुन्हा चावायची गरज काय? दोन कारणे. सूक्ष्मजीवांना काम करायला पृष्ठभाग लागतो. काडी जितकी चिरली जाईल तितक्या जागी ते चिकटतील. दुसरे कारण लाळेचे, आणि व्यवहारात तेच जास्त मोलाचे आहे. रवंथ करताना तोंडात लाळ सतत झरत असते. मोठ्या दुधाळ गाईत दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ तयार होते. तिच्यात खाण्याच्या सोड्यासारखेच क्षार असतात. आंबवण्याने कोठीपोटात जे आम्ल साचते ते ही लाळ मारून टाकते आणि आतली आम्लता सहा ते सात सामूच्या दरम्यान राखते. रवंथ कमी झाला की लाळ कमी, लाळ कमी झाली की आम्ल वाढते, आम्ल वाढले की धागा पचवणारे जिवाणू आधी मरतात. डेअरीवर अचानक फॅट लागेनासे झाले तर भेसळीचा संशय घेण्याआधी गोठ्यात जाऊन गाय किती रवंथ करते ते पाहावे. दुधातली स्निग्धता बऱ्याच अंशी धाग्याच्या पचनातून निघणाऱ्या आम्लावर ठरते, आणि धागा पचायचा तर रवंथ हवा.

रवंथाची आज्ञा मेंदू देतो, पण त्याची कळ दाबतो लांब धाग्याचा चारा. मधल्या थरातली ती खरखरीत गादी कोठीपोटाच्या भिंतीला टोचते, तिथून संदेश जातो. मग जाळीपोट एक जादा आकुंचन पावते आणि ओला चारा अन्ननलिकेच्या तोंडाशी ढकलला जातो. त्याच क्षणी गाय श्वासनलिका बंद ठेवून श्वास ओढते. छातीत पोकळी तयार होते आणि गोळा वर खेचला जातो. पोटाच्या स्नायूंचा जोर इथे लागत नाही. उलटीत लागतो. म्हणूनच रवंथ करणारी गाय शांत दिसते आणि ओकणारा प्राणी कासावीस.

हा फरक शब्दांतही पाळायला हवा, कारण फोनवर डॉक्टरांना चुकीचा शब्द सांगितला तर उपचाराची दिशा चुकते. मराठीत यासाठी शब्दांची कमी नाही. ओकारी आणि उलटी आजाराची, गुळणी तान्ह्या बाळाची, घशाशी येणे पित्ताचे, रवंथ गुराढोरांचा. इंग्रजीत यातल्या बहुतेकांना रिगर्जिटेशन हा एकच शब्द पुरतो, इतका की हृदयाच्या झडपेतून रक्त मागे फिरले तरी इकोच्या रिपोर्टवर तोच शब्द येतो, आणि पाठ केलेले उत्तर परीक्षेत जसेच्या तसे उतरवून काढले तरी तोच. आपला रवंथ संस्कृत रोमन्थापासून आला. त्या शब्दापासून क्रियापद कसे बनते हे सांगणारे सूत्र पाणिनीने अष्टाध्यायीत दिले आहे. लेखनात मात्र आपण चर्वितचर्वण हा शब्द टीकेसाठी वापरतो. आठवणींचा रवंथ म्हणतो तेव्हाही थोडी अवहेलना त्यात असते. गाईच्या बाबतीत दुसऱ्यांदा चावणे हेच खरे चावणे आहे, एवढे इथे नोंदवून पुढे जातो.

गाय सहसा ओकत नाही. तिच्या तोंडा-नाकातून चारा बाहेर पडत असेल, तर तो रवंथ नव्हे. विषारी वनस्पती पोटात गेली असेल, किंवा कैरी, कोय, बटाटा असे काही घशात अडकले असेल. घसा अडकलेल्या जनावराची लाळ गळते आणि डावी बाजू फुगू लागते, कारण ढेकर बाहेर पडत नाही. इथे एक इशारा फार महत्त्वाचा. गिळता न येणे आणि लाळ गळणे ही पिसाळलेल्या जनावराचीही लक्षणे असतात. काय अडकले ते पाहायला उघडा हात घशात घालू नका. डॉक्टर येईपर्यंत थांबा आणि कुत्रे चावल्याची काही आठवण असेल तर ती आधी सांगा.

गिळलेले परत काढण्याची रीत सृष्टीत इतरत्रही आहे. लांडगा शिकारीचे मांस पोटात आणतो आणि पिल्लांपुढे ओकतो. आपल्या माळांवरचे लांडगे आजही पिल्ले अशीच वाढवतात. कबुतराच्या गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार होतो आणि पिल्लू तो आईबापांच्या चोचीतून घेते. घुबड उंदराची हाडे आणि केस गोळी करून टाकते. मधमाशी फुलातला रस आपल्या मधपोटात आणते, पोळ्यात तो तोंडातून तोंडात फिरतो, आटतो आणि मध होतो. घोड्याला मात्र उलटी करता येत नाही असेच म्हणावे लागेल. त्याच्या अन्ननलिकेच्या टोकाची पकड तितकी घट्ट असते, त्यामुळे पोटदुखी त्याच्या जिवावर बेतते. माळेगावच्या यात्रेत घोडे घेणाऱ्यांना हे ठाऊक असते. तेव्हा गाय आणि घोडा एकाच गोठ्यात असले तरी त्यांचे खाणे एका मापाने मोजू नये.

या पुस्तिकेची निकड मला वाटली ती गोठ्यातल्या चाऱ्यामुळे. गेल्या काही वर्षांत तो बदलला, आणि बदलाच्या मानाने आपली नजर बदलली नाही. रब्बी ज्वारीचा पेरा घटला तशी कडब्याची गंज लहान झाली. सोयाबीन वाढले, त्याचे भुसकट गोठ्यात आले. ते चांगलेच आहे, पण बारीक आहे, आणि नुसत्या त्याच्यावर जनावर ठेवले तर मधली गादी तयार होत नाही. कुट्टी यंत्र आले, चारा वाया जाणे थांबले. त्याचे स्वागत करतो. पण कुट्टी इंचभर राहावी, पिठासारखी नको. पीठ झालेला चारा लवकर पुढे सरकतो, भिंतीला टोचत नाही, रवंथाची कळ दाबली जात नाही. आंबोणाचे आणि ढेपेचे प्रमाण वाढले की हीच अडचण दुप्पट होते. आधी थोडी वैरण, मग आंबोण, हा जुना क्रम शास्त्राला धरून होता.

निकृष्ट कडबा किंवा काड सुधारायचे असेल तर युरियाची प्रक्रिया आहे. शंभर किलो काडाला चार किलो युरिया, चाळीस-पन्नास लिटर पाण्यात विरघळवून थरांवर शिंपडायचा आणि हवाबंद झाकून एकवीस दिवस ठेवायचे. कृती आत सविस्तर दिली आहे. युरियाचे पाणी किंवा गोणी जनावराच्या तोंडाला लागेल अशी कधीच ठेवू नये, आणि वासरांना हा चारा देऊ नये. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या टंचाईत मराठवाड्यात चारा छावण्या लागल्या, तिथे उसाच्या वाढ्यांवर जनावरे जगली. वाढ्यांनी जीव वाचवला, हे खरे. पण वाढ्यांतले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून तोच एक चारा दीर्घकाळ असेल तर खनिज मिश्रण लागतेच.

ज्वारीच्या बाबतीत आणखी एक धोका कोठीपोटामुळेच वाढतो. पावसाने ताण दिल्यावर खुरटलेली कोवळी ज्वारी, किंवा कापणीनंतर फुटलेले पोंगे जनावराने खाल्ले तर त्यातले सायनाईड मोकळे होते. कोठीपोटातले सूक्ष्मजीव ते भराभर मोकळे करतात, त्यामुळे रवंथ करणाऱ्या जनावरांना ही विषबाधा विशेष लवकर होते आणि काही मिनिटांत मृत्यू येऊ शकतो. फुलोऱ्याआधी ज्वारीच्या फडात जनावर सोडू नका, आणि खोडव्यात तर नाहीच.

पोळ्याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण तो आपल्या जिव्हाळ्याचा सण आणि जिव्हाळ्यातच तिथे घात होतो. पिठोरी अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी होते. हळद-तूप चोळलेल्या खांद्यांचे बैल दुसऱ्या दिवशी सजून वेशीतून फिरतात. मग दारोदार ओवाळणी, आणि प्रत्येक दारी पुरणपोळीचा घास. एका घरची एक पोळी बैलाला काही करत नाही. दहा घरच्या दहा पोळ्या, शिवाय घरचे गव्हाचे पीठ आणि गूळ, हे सगळे दोन तासांत कोठीपोटात गेले की तिथला तोल कोसळतो. पिष्ट आणि साखर खाणारे जिवाणू एकदम वाढतात, लॅक्टिक आम्ल तयार होते, सामू साडेपाचच्याही खाली जातो आणि कोठीपोटाची हालचाल थांबते. रक्तातले पाणी आत ओढले जाते. बैल डोळे खोल गेलेला दिसतो, दात कराकरा वाजवतो, झुलत चालतो. दोन दिवसांत दगावू शकतो. मळणीच्या दिवसांत दावे तोडून ज्वारी-गव्हाच्या राशीवर पडलेल्या जनावराचे हेच होते, आणि लग्नाच्या मांडवामागे टाकलेल्या भात-बुंदीवर ताव मारणाऱ्या गाईचेही. या सगळ्यांत पहिली खूण कोणती? खाल्ल्यानंतर बसलेले जनावर रवंथ करत नाही. पोट अजून फार फुगलेले नसते, ताप नसतो, पण तोंड हलत नसते. त्या वेळी डॉक्टर आले तर जनावर बहुधा वाचते. रात्र जाऊ दिली तर सांगता येत नाही. पोळ्याला पोळी द्यावी, नैवेद्यापुरती द्यावी, आणि शेजाऱ्यांच्या ताटातली आपणच मागे घ्यावी. बैलाला मनापासून द्यायचे असेल तर त्या दिवशी उत्तम कडबा, हिरवा चारा आणि पूर्ण विश्रांती द्यावी.

विश्रांती हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला. आपल्या आजोबांच्या पिढीत दुपारी औत सोडत, बैलांना पाणी दाखवत, सावलीला बसवत. बैल थकले म्हणून सोडत, हे खरेच, पण बसलेल्या बैलाचा रवंथ होऊ देणे हाही त्यातला भाग होता. पोटभर खाल्लेल्या बैलाला लगेच जुवाला धरले तर रवंथ पुढे ढकलला जातो आणि बैल आतून उपाशी राहतो. हेच उन्हाचे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. तापलेल्या पत्र्याखाली बांधलेली म्हैस धापा टाकते आणि धापा टाकणारे जनावर रवंथ करत नाही. चाऱ्याचा मोठा वाटा संध्याकाळी आणि रात्री द्या, पाणी सतत समोर ठेवा. त्याने जे दूध वाढते ते कुठल्याही टॉनिकने वाढत नाही.

आता जाळीपोट. मधमाशीच्या पोळ्यासारख्या घरांच्या नक्षीमुळे हे नाव मिळाले. कोठीपोटाच्या पुढे, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला लागून ते असते आणि पडद्यापलीकडे लगेच हृदय. गाय चारा नीट न चावता गिळते, त्यामुळे कुट्टीत आलेला तारेचा तुकडा, खिळा, सुई तिला तोंडात कळत नाही. जड वस्तू जाळीपोटात जाऊन बसते. रवंथाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर ती पुढे रुतत जाते. गाय उतारावर चालायला कचरते, कोपरे बाहेर काढून उभी राहते, बसताना कण्हते, रवंथ तुटक होतो. पुढे गळ्याखालच्या पोळीला सूज आली तर तार हृदयाच्या आवरणापर्यंत गेलेली असू शकते, आणि तेव्हा हातात फारसे काही उरत नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांचे दुखणे वेगळे. त्या टोचत नाहीत, साचतात. गाठोडे होते, जागा अडते, गाय खाते तरी वाळत जाते. शस्त्रक्रिया करून कोठीपोटातून प्लास्टिक काढता येते, पण उकिरड्यावर पिशवी न टाकणे त्याहून कितीतरी सोपे आहे. घरच्या बायाबापड्यांनी शिळे अन्न पिशवीला गाठ मारून टाकू नये, एवढी कळकळीची विनंती.

वासराला जन्मतः रवंथ येत नाही. त्याचे कोठीपोट नाममात्र असते आणि आईचे दूध एका खाचेतून थेट चौथ्या पोटात जाते. पहिल्या तासाभरात चीक, नंतर दूध, आणि दुसऱ्या आठवड्यापासून समोर थोडे मऊ गवत ठेवले की तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते आईसारखे तोंड हलवू लागते. ज्या घरात वासराला फक्त दुधावर ठेवतात तिथे हा दिवस लांबतो. वासरू पहिल्यांदा रवंथ करते तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा, मी लेकुरवाळ्या घरांना नेहमी सांगतो.

गोठ्यात काय पाहायचे ते थोडक्यात असे. भर दुपारी किंवा रात्री नऊ-दहाच्या सुमारास, कुणी ढवळाढवळ केलेली नसताना, बसलेल्या जनावरांपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असली पाहिजेत. एकेका गोळ्याला चाळीसच्या वर चावे पडले पाहिजेत. तीसच्या आत संपत असेल तर चाऱ्यात लांब धागा कमी पडतो आहे. डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटची बरगडी आणि खुब्याचे हाड यांच्यामधल्या खळग्यात मूठ दाबून धरा. मिनिटाला एक-दोन वेळा कोठीपोट हाताला ढकलून जाते. ती लाट लागली नाही, रवंथही नाही आणि भकाळी ढोलासारखी वाजत असेल तर ती पोटफुगी. जुने लोक अशा वेळी तोंडात लिंबाची आडवी काठी बांधतात. त्यात तथ्य आहे. जनावर काठी चघळते, लाळ सुटते, ढेकर निघायला मदत होते. जनावर चढावर पुढचे पाय ठेवून उभे करा. तेल पाजायचे झाले तर जीभ ओढू नका आणि तोंड फार उंच करू नका. ठसका लागून तेल फुफ्फुसात गेले तर पोट बरे होऊन गाय न्यूमोनियाने जाते.

रवंथ थांबण्यामागे पोटाचेच कारण असेल असे नाही. तिवा आला, खुरकूत झाली, कासेला दाह झाला, २०२२ सारखी लम्पीची साथ आली, की जनावर आधी रवंथ सोडते आणि मग चारा. विताना आणि माजावर असतानाही काही तास तो कमी होतो, त्याची काळजी नको. दूध देणाऱ्या मोठ्या गोठ्यांत आता गळ्यातल्या पट्ट्यावर यंत्र बसवून रवंथाची मिनिटे मोजतात आणि मोबाईलवर सूचना येते. आपल्या दोन गाई आणि एका बैलजोडीला असले यंत्र नको. शेण काढणाऱ्या, धार काढणाऱ्या घरच्या बाईला ही खूण बहुतेक वेळा आधीच कळलेली असते. ती म्हणाली, गाय आज गप्प बसली आहे, तर ते ऐका.

एका उपचाराची माहिती मुद्दाम देतो, कारण ती पुष्कळांना नवी असेल. कोठीपोटातले सूक्ष्मजीव मरून गेलेल्या जनावराला निरोगी जनावराच्या कोठीपोटातला ताजा रस देतात. शंभर औषधांनी न होणारे काम कधी कधी त्या दोन-तीन लिटर रसाने होते, कारण त्यात जिवंत सूक्ष्मजीव असतात. हे काम डॉक्टरांनीच करायचे. पण तुमच्या दावणीची धडधाकट गाय शेजाऱ्याच्या आजारी बैलाला उपयोगी पडू शकते, हे माहीत असावे.

आता तुम्ही पाने उलटाल. आधी चाऱ्याचे प्रकरण वाचा, आजारांचे नंतर. वाचून झाले की पुस्तिका गोठ्यातच खुंटीला अडकवा, घरातल्या फडताळात ठेवू नका. बारा तास होऊन गेले आणि जनावराने रवंथ केला नाही, तर ओवा-हिंग-सोडा यांत दुसरा दिवस घालवू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, नाहीतर फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक लावा. काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि शेवटचा रवंथ कधी पाहिला, ही तीन उत्तरे तयार ठेवा.